गाडीच्या दारावरचं नाव

अहो, तुम्ही गेल्यापासून शाळा सुटली की मी पोलीस ठाण्यात जायचे. तुम्हाला भेटायला म्हणावं तर तुम्ही तिथे नव्हतात, गाडी होती. ठाण्याच्या मागच्या आवाराला जाळी आहे, तिथून ती नीट दिसायची. एका बाजूला जळालेली बस, दुसऱ्या बाजूला चाकं नसलेल्या मोटरसायकली आणि मधे आपली निळी लोडिंग गाडी, मालाचा छोटा टेम्पो. डॅशबोर्डवर तुमचा चष्मा, काड्या वर करून ठेवलेला, चहाला उतरताना ठेवायचात तसा. काचेवर धूळ चढत गेली तसा चष्मा अंधुक होत गेला. फडकं घेऊन आत जावं आणि काच पुसावी, एवढीही मला परवानगी नव्हती.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मला ते जमणार नाही. अर्धं भांडण तुम्ही इथेच टाकून गेलात. आणि मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या कुणाला सांगितली नाही, माहेरी सांगितली नाही. लेकीला, स्नेहलला, माहीत आहे, कारण ती तिथे उभी होती. ती एकदम सांगायचं धाडस होत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते. तसंही तुम्हाला आता कुठे घाईने जायचं आहे?

त्या सकाळीही आपण भांडलोच होतो. विषय नेहमीचाच. मी म्हटलं, "गाडी नावावर कधी होणार?" तुम्ही बूट घालत म्हणालात, "सोमवारी जातो ना देपालपूरला. पक्कं." मी म्हटलं, "कुठला सोमवार ते पण सांगा." तुम्ही हसलात आणि गेलात. संध्याकाळी पोलोग्राउंडच्या कारखान्यांकडून फोन आला. कारखान्याच्या भिंतीला लागून गाडी नीट बाजूला लावलेली, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, किल्ली हातात. लोकांना वाटलं, भिया झोपले आहेत. डॉक्टर म्हणाले, हृदय. जातानासुद्धा तुम्ही कुणाला धक्का लागू दिला नाहीत आणि कुणाची वाट अडवली नाहीत. माझी मात्र अशी अडवलीत की विचारू नका.

कारण गाडी बेवारस नको म्हणून पोलिसांनी ती ठाण्यात नेली आणि पंचनाम्यात लिहिली. एकदा लिहिली की ती फक्त मालकाला मिळते. आणि कागदावर मालक तुम्ही नव्हतात.

गाडी घेतली तो दिवस मला आठवतो. तुमचा कारखाना बंद पडला होता. इतकी वर्षं खराद मशीनवर, लेथवर उभं राहून तिथे तुमचं नाव काय होतं, तर "ए लड़के". केस पांढरे व्हायला लागले तरी "ए लड़के, इधर आ". मांगीलालजींशी ओळख तिथलीच, ते देपालपूरहून इंदूरला पंपाचे सुटे भाग करून घ्यायला यायचे. त्यांनी नवी मोठी गाडी घेतली आणि जुनी तुम्हाला विकत देऊ केली. नारळ फुटला, गूळ वाटला, त्यांनी किल्ली तुमच्या हातात ठेवली. आरसी कार्ड दिलं, नाव बदलायच्या फॉर्मांवर सह्या करून दिल्या. घरी येण्याआधी तुम्ही कुठे गेलात? आरटीओत नाही. पेंटरकडे. दारावर पिवळ्या रंगात लिहून आणलंत, वर 'मालिक' आणि त्याखाली मोठ्या अक्षरात 'अरुण गजभिये'. छत्रीबागेच्या आपल्या गल्लीत गाडी लावून मला खाली बोलावलंत. म्हणालात, "वाच." मी वाचलं. "आता मोठ्यानं वाच." शेजारपाजारचे बघत होते, मी लाजेनं लाल झाले, पण वाचलं.

मग तुम्ही ते सगळे कागद आरटीओबाहेरच्या एका एजंटाला दिलेत. आठ-पंधरा दिवसांत करून देतो म्हणाला. महिन्याभराने गेलात तर त्याच्या टपरीच्या जागी उसाचा रस विकत होते. कार्डही गेलं, सह्याही गेल्या. उरली ती कार्डाची एक झेरॉक्स, लॅमिनेशन केलेली, आणि तिच्यावर तुम्ही इतकी वर्षं काढलीत.

यात अवघड काय होतं? मांगीलालजींकडे जायचं, कागद हरवले म्हणून सांगायचं, पुन्हा सह्या घ्यायच्या. पण तुम्हाला भीड! त्यांनी विश्वासाने सह्या करून दिल्या आणि मी त्या हरवून बसलो, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, म्हणायचात. सही आणायला म्हणून देपालपूरला जायचात आणि लसणाची गोणी घेऊन यायचात. पोटात दाल-बाफले, तोंडावर तृप्ती. मी विचारायचे, "आणि सही?" तर, "अगं, ते इतकं आग्रहाने वाढत होते, मधेच कसं काढणार?" आपल्याकडे लसूण विकत आणावा लागला नाही कधी. भीड भिकेची बहीण, मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "अपन कुठे पळून चाललोय? आणि ते तरी कुठे पळताहेत?" विमा त्यांच्या नावाने भरायचा, फिटनेस त्यांच्या नावाने करायचा, आणि दारावर मालक तुम्ही. तुमचं चालून जायचं, कारण तुम्हाला सगळं चालायचं.

मला चालायचं नाही. मी महूची, पलटणीतल्या कारकुनाची मुलगी. अण्णांची पत्र्याची पेटी तुम्ही पाहिली आहे. शाळेच्या पहिलीच्या दाखल्यापासून सगळं त्यात होतं. अण्णा म्हणायचे, आपल्या लोकांच्या हातात कागद यायला पिढ्या गेल्या, आता आला आहे तर जिवापाड जपा. माझ्या आधार कार्डात इथल्या लोकांनी नुसतं 'शोभा गजभिये' लिहिलं होतं, तेव्हा दुरुस्तीसाठी मी तुम्हाला रांगेत उभं केलं होतं. खिडकीतल्या बाईला कळेना, बाईच्या नावात पुरुषाचं नाव कशाला. मी सांगितलं, आमच्या मराठीत असंच लिहितात. तुम्ही मागून कुरकुरत होतात, "राहू दे ना, मी नावात नसलो तर काय हरवणार आहे का?" मी दुरुस्ती करून घेतल्याशिवाय हलले नाही. तुम्ही शिक्षा म्हणून मला राजवाड्यापर्यंत चालवत नेलंत आणि मग कचोरी खाऊ घातलीत.

तर अशी मी, आणि माझ्या वाट्याला आली ती झेरॉक्स.

ठाण्यात लिखापढीचं काम बघणाऱ्या मुंशीजींनी ती उलटून-पालटून पाहिली. भला माणूस आहे, पाणी विचारलं, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "मैडम, इससे नहीं होगा. असली आरसी लाओ, मालिक को लाओ, गाड़ी ले जाओ." मी आरटीओत गेले. तिथल्या बाबूने नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "मांगीलाल जी आपके कौन?" मी म्हटलं, कोणी नाहीत, गाडी माझ्या पतींची आहे, ते वारले, मी वारस आहे. मृत्यूचा दाखला पुढे केला. त्याने तो वाचलासुद्धा नाही. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, "वारिस तो तब, जब वो मालिक हों. आपके पति इसमें हैं ही नहीं, मैडम."

मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. खरंच कुठेच नव्हतात तुम्ही.

दुसरी आरसी काढायची तर मांगीलालजी हवेत आणि गाडीच्या चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला छाप हवा. छाप काढायला गाडीपाशी जायला हवं. गाडी जाळीच्या आत. मुंशीजी म्हणाले, आरसीशिवाय गाडीला हात लावू देता येत नाही. आरटीओत म्हणाले, छापाशिवाय आरसी निघत नाही. मी या खिडकीवरून त्या खिडकीवर आणि त्या खिडकीवरून या खिडकीवर. दोघंही सभ्यपणे बोलत होते, त्याचाच जास्त त्रास. कुणी खेकसलं असतं तर मी भांडले तरी असते. मी स्वतः शाळेत प्रवेशाच्या खिडकीत बसते. "हा कागद नाही, उद्या या" हे वाक्य मी किती सहज बोलते, ते मला त्या दिवसांत ऐकू यायला लागलं.

मग मुंशीजींनी सांगितलं की बेवारस गाड्यांची नीलामी, म्हणजे लिलाव, व्हायचा आहे. यादी वर गेली की त्यांच्या हातात काही राहणार नाही.

स्नेहल म्हणाली, "छोड ना आई. जुनी गाडी आहे. पप्पाच नाहीत तर गाडीचं काय करायचं?" तिचं बरोबर होतं. पण पोलोग्राउंडचे लोक फोन करून विचारत होते, भाभीजी, गाडी पुन्हा चालू करणार का, आम्ही दुसरीकडे माल दिला नाहीये. आणि मी रोज त्या चष्म्याकडे बघत होते. ज्या सीटवर तुम्ही शेवटचा श्वास घेतलात ती सीट भंगारवाल्याने बोली लावून न्यायची? ज्या गाडीत गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून तुम्ही दर जयंतीला महूला नेत होतात, म्हाताऱ्या मागे गाणी म्हणायच्या आणि तुम्ही पुढून चुकीच्या जागी "जय भीम" म्हणून त्यांची चाल बिघडवायचात, ती गाडी? रविवारी पोलोग्राउंडचे रस्ते रिकामे असताना तुम्ही मला जिच्यावर शिकवलंत ती? माझे पाय पोचत नव्हते म्हणून पाठीला उशी आणलीत. मी क्लच सोडला की गाडी उडी मारायची आणि तुम्ही दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून म्हणायचात, "वा मॅडम, मस्त." लायसन्स मिळालं तेव्हा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. मला ती गाडी हवी होती. बस्स.

मांगीलालजींचा तुमच्या फोनमधला नंबर बंद लागत होता. स्नेहलला घेऊन देपालपूरला जाणं आलं. आणि काय सांगू, बस सुटली तशी मला भीड वाटायला लागली! तुमची वर्षानुवर्षांची भीड तुम्ही माझ्यासाठी ठेवून गेला होतात. मांगीलालजींना काय सांगू? तुमचा मित्र गेला, आणि तुमचे कागदही त्याने कधीच हरवले होते? त्यांनी म्हटलं असतं की गाडी माझी, नावही माझंच, तुम्ही कोण, तर मी काय दाखवणार होते? लसूण?

ते ओट्यावर खाटेवर बसले होते. थकलेत फार. मला पाहिलं आणि रस्त्याकडे बघून विचारलं, "अरुण भई नी आयो?" मी स्नेहलकडे पाहिलं. स्नेहलने सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा साफा काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्या टोकाने डोळे पुसत राहिले. घरातून सून पाणी घेऊन आली, तिला म्हणाले, "ऊ अरुण नी रियो."

कितीतरी वेळाने मी कागदांचं काढलं. एजंट, टपरी, सगळं सांगितलं. ते खाटेवर पुढे सरकले. म्हणाले, "कागज गुम्या था? तो बोल देतो! मैं उणी दन दूसरी सई कर देतो. ऊ तो हर बार यूँ ई बोलतो थो, मिलवा आयो हूँ."

ऐकलंत? त्याच दिवशी करून दिली असती सही. तुम्ही इतक्या वर्षांत इतके बाफले खाल्लेत, एका बाफल्याबरोबर एक वाक्य बोलला असतात तर. मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते तुम्ही गेलात त्या दिवशीही आलं नव्हतं. त्यांच्या सुनेने मला आत नेऊन बसवलं. निघताना त्यांनी लसणाची गोणी दिली. मी ती घेतली. नाही कसं म्हणणार होते? तेव्हा कळलं मला, तुमचं काय व्हायचं ते.

ते दुसऱ्याच दिवशी इंदूरला आले, धुतलेला साफा बांधून. आता इथून पुढचं तुम्हाला सांगायचं आहे.

ठाण्यात मुंशीजींनी त्यांचं आधार कार्ड पडद्यावरच्या नावाशी जुळवून पाहिलं, मालक समोर आहेत तर आरसीचं नंतर बघू म्हणाले आणि जबाब लिहायला घेतला. "गाड़ी आपकी?" मांगीलालजी म्हणाले, नाव माझंच आहे. "मृतक आपकी गाड़ी पर ड्राइवर था?"

मांगीलालजी म्हणाले, "ड्राइवर कायको? म्हारो भई थो. गाड़ी वणी की थी. मैं तो बेची दी थी."

मुंशीजींनी पेन खाली ठेवलं. "बेच दी थी? तो बिक्री का कागज?"

"कागज गुमी गया. पण जबान तो दी थी, साब."

मुंशीजी माझ्याकडे वळले. आवाज खाली आणून समजावून सांगितलं. गाडी विकली म्हणाल, तर हे मालक नाहीत, यांना देता येणार नाही. तुम्हीही सिद्ध करू शकत नाही, तुम्हालाही देता येणार नाही. मग कोर्टात जा, तोवर नीलामीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. आणि तुमचे पती यांच्या नोकरीत होते असं असेल, तर हे आज आत्ता गाडी घेऊन जाऊ शकतात. "सोच के बोलिए, मैडम. मैं वही लिखूँगा जो आप लोग बोलेंगे."

मांगीलालजी माझ्याकडे बघत होते. त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. तुमचा मित्र, तुमच्यासारखाच. समोर खिडकीतून गाडी दिसत होती. मुंशीजींनीही तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "दरवाज़े पे तो मालिक अरुण लिखा है."

मी म्हटलं, "ड्राइवर थे. नाम लिखवाने का शौक था उनको."

हे सांगायचं होतं मला. मी म्हटलं हे. दुसऱ्या कुणी नाही, मी. इतकी वर्षं कागद खरा करा म्हणून तुमचा जीव खाल्ला आणि शेवटी सरकारी कागदावर खोटं लिहून घेतलं ते मीच. ज्या एका शब्दासाठी तुम्ही मला गल्लीत उभं करून मोठ्याने वाचायला लावलंत, तो मी शौक म्हणून झटकून टाकला. तुम्हाला परत कुणाच्या तरी नोकरीत नेऊन उभं केलं. मुंशीजींनी पेन उचललं आणि लिहिलं, 'मृतक चालक था'. मांगीलालजींनी मान खाली घालून सही केली. मी साक्षीदार म्हणून सही केली. सही एकदम स्वच्छ आली, आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

दार उघडलं तेव्हा तुमचाच वास आला, तंबाखू सोडल्यावर तुम्ही चघळायचात त्या बडीशेपेचा. मी आधी चष्मा घेतला, ओढणीने पुसला आणि पर्समध्ये ठेवला. पाठीला उशी लावली. बॅटरी उतरली होती, त्यामुळे मुंशीजी, दोन शिपाई आणि साफा बांधलेले मांगीलालजी अशा सगळ्यांनी मिळून धक्का मारला. मी क्लच सोडला, गाडीने तीच उडी मारली आणि चालू झाली. कुणी "वा मॅडम" म्हणालं नाही.

स्नेहल शेजारी बसली होती. मांगीलालजींना बसस्टँडवर सोडलं, तिने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू सीधा बोलून टाकलंस. शौक था." मी गाडी चालवत होते. "पप्पांनी आयुष्यात एकच गोष्ट स्वतःची म्हटली होती." मी म्हटलं, "मग काय करायला पाहिजे होतं मी?" ती म्हणाली, "मला काय माहीत? पण पप्पा तुझ्याबद्दल असं कधी नसते बोलले." नसतात बोलला तुम्ही, हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही गाडी तिथेच कुजू दिली असती, भिडेपायी. आणि घरी येऊन सोमवारचं सांगितलं असतं. मी हे तिला म्हटलं नाही. त्यानंतर आम्ही दोघी घरात गरजेपुरतंच बोलत होतो.

पुढचं सगळं सरळ झालं, म्हणजे कागदाच्या दृष्टीने. मांगीलालजी आले, छाप निघाला, नवी आरसी निघाली आणि मग त्यांनी ती गाडी मला विकली. त्यांनी मला. बाबूने विचारलं, "सीधे इन्हीं से ली आपने?" मी म्हटलं, हो. दुसऱ्यांदा तेच. पहिल्या वेळी निदान ड्रायव्हर तरी ठेवलं होतं तुम्हाला, या वेळी तेही नाही. नारळ, गूळ, किल्ली, सगळी वर्षं, काहीच झालं नव्हतं. कार्ड माझ्या हातात देताना बाबू म्हणाला, "और मैडम, दरवाज़े पे मालिक का नाम बदलवा लेना. जो कार्ड पे है, वही चाहिए. अगली फिटनेस में देखेंगे."

मी ते काम पुढे ढकलत राहिले, अगदी तुमच्यासारखी. आज नको, आज शाळेत तपासणी आहे. आज नको, आज ढग आले आहेत, रंग वाळणार नाही. गाडी गल्लीत उभी असायची आणि येता-जाता मी ते पिवळं नाव वाचायचे, मनातल्या मनात. ड्रायव्हर म्हटलं, शौक म्हटलं, कागदातून काढून टाकलं. आता थिनरने पुसायचं तेवढं राहिलं होतं. बुद्धीला पटत होतं की नाव म्हणजे रंग, माणूस नव्हे. पण इतकं सगळं माझ्याच हातून का करून घेत आहात, असं तुमच्या फोटोला मी एकदा विचारलंसुद्धा.

शेवटी आज पोलोग्राउंडला त्याच पेंटरकडे गेले. स्नेहल म्हणाली, मीही येते. पेंटरने तुम्हाला ओळखलं, म्हणजे दाराला ओळखलं. म्हणाला, "ये तो मेरा ही हाथ है. भिया ने तीन बार मिटवाया था, बोले, और बड़ा लिख." मला हे माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नव्हतंत. मी त्याला म्हटलं, भिया नाही राहिले. मग त्याने थिनरचा डबा उघडला, चिंधी भिजवली आणि म्हणाला, "कार्ड दिखाओ, मैडम. जैसा कार्ड पे है, हूबहू वैसा लिखूँगा."

मी कार्ड दिलं आणि तोंड फिरवलं. मला ते बघायचं नव्हतं.

तो कार्डावरची इंग्रजी अक्षरं लावत मोठ्याने वाचत होता. "शोभा... अरुण... गजभिये." मग पुन्हा पहिल्यापासून. मी वळून पाहिलं तर तो एकदा कार्डाकडे बघतोय, एकदा दाराकडे. त्याने चिंधी बाजूला ठेवली आणि डब्याला झाकण लावलं.

"मिटाना कायको?" तो म्हणाला. "ये तो पूरा लिखा हुआ है. बस आगे शोभा जोड़ना है. हैंडल के पास जगह कम है, छोटा आएगा. चलेगा?"

स्नेहलने माझा हात धरला. केवढ्या दिवसांनी.

मी म्हटलं, "छोटा ही लिखो."

त्याने लिहिलं. हँडलला अगदी खेटून, बारीक अक्षरात मी, आणि माझ्यापुढे पहिल्याएवढेच मोठे तुम्ही. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघी कडेला चहा पीत उभ्या होतो. स्नेहल म्हणाली, "आई, वाच ना." मी इकडेतिकडे पाहिलं, कारखाना सुटला होता, माणसं चालली होती. मी मोठ्याने वाचलं.

गाडी चालू करताना लक्षात आलं, अहो, आज सोमवार आहे.